जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी : लिनक्स म्हणजे काय आणि ते आपल्या घरात कसं आणायचं



घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव या भागातल्या घरांमधून सध्या एकच प्रश्न वारंवार ऐकू येतो. "कॉम्प्युटरवर सारखी सूचना येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला. दुकानदार म्हणतो, हा डबा आता चालणार नाही, नवा लॅपटॉप घ्या. घ्यावा का?" विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा एक मुलगी अकरावी-बारावीला असते, एक मुलगा आयटीआय किंवा डिप्लोमाला असतो, आणि अब्बांच्या दुकानाचा हिशोबही त्याच मशीनवर असतो. नव्या लॅपटॉपचे तीस-चाळीस हजार म्हणजे कुणाची वर्षाची फी, तर कुणाचं घरभाडं.

आमचं थोडक्यात उत्तर असं आहे : बऱ्याच घरांत नवा लॅपटॉप घ्यायची गरज नाही. मशीन मेलेलं नाही, फक्त त्यावरच्या एका प्रोग्रामची मुदत संपली आहे. तो प्रोग्राम बदलता येतो, आणि बदलून जो बसवायचा तो फुकट आहे, कायदेशीर आहे आणि जगात सर्वत्र वापरला जातो. त्याचं नाव लिनक्स. मात्र तो सगळ्यांच्या कामाचा नाही. कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये, हेही या लेखात सांगणार आहोत.

नेमकं झालंय काय?

कॉम्प्युटर सुरू केल्यावर जो मूळ प्रोग्राम स्क्रीन, कीबोर्ड, प्रिंटर, फाइली हे सगळं सांभाळतो त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे बहुतेकांनी एकच पाहिलेली असते, मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज. तिच्या विंडोज १० या आवृत्तीचा मोफत सपोर्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नाही. पण त्यात सापडणाऱ्या सुरक्षेच्या फटी यापुढे आपोआप बुजवल्या जाणार नाहीत. ज्या मशीनवरून बँकेचा व्यवहार होतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात, त्यासाठी हा धोकाच आहे. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून एक वर्षाची जादा मुदत घेता येईल असं कंपनीने जाहीर केलं, पण ती फक्त पुढे ढकललेली अडचण आहे.

मग विंडोज ११ का घालू नये? कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. आपल्या भागातल्या घरांत, क्लासमध्ये, छोट्या दुकानांत जी मशीन आहेत त्यातली कितीतरी पुण्याच्या कंपन्यांमधून निघालेली सेकंड-हँड आहेत, चौथ्या-पाचव्या-सहाव्या पिढीची. स्क्रीन ठीक, कीबोर्ड ठीक, सगळं ठीक, पण नव्या विंडोजच्या यादीत नाव नाही. कारण तेवढंच.

लिनक्स म्हणजे काय, आणि फुकट कसं?

१९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रोग्राम वापरणाऱ्याला चार मोकळिकी हव्यात : हव्या त्या कामासाठी तो चालवण्याची, आत काय लिहिलंय ते वाचण्याची, प्रत काढून दुसऱ्याला देण्याची, आणि सुधारणा करून ती वाटण्याची. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. या दोन्ही कामांचा मेळ बसून आज ज्याला लिनक्स म्हणतात ते तयार झालं. अशा सॉफ्टवेअरला मुक्त किंवा ओपन सोर्स म्हणतात.

"फुकट आहे म्हणजे बोगस असणार," असं आपल्याकडे लगेच म्हटलं जातं. तर बघा, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलचा गाभा लिनक्सचाच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीतला प्रत्येक कॉम्प्युटर २०१७ च्या अखेरीपासून लिनक्सवर चालतो. रेड हॅट ही लिनक्सची सेवा देणारी कंपनी २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. प्रोग्राम मोकळा असला तरी तो बसवून देणं, सांभाळणं, शिकवणं याचे पैसे मिळतात. त्याच रेड हॅटचं एक मोठं कार्यालय पुण्यात आहे. म्हणजे आपल्या मुलांसाठी लिनक्स शिकणं ही रोजगाराचीही बाब आहे.

उदाहरण लांब नाही, खोडदला आहे

घोडेगावहून मंचर, नारायणगाव करून खोडदला गेलं की शेतांमधून मोठाल्या जाळीच्या तबकड्या दिसतात. ती जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस तिथे प्रदर्शन भरतं आणि आपल्या शाळांची मुलं दरवर्षी जाऊन येतात.

मुलांना तबकड्या दिसतात, पण आतली एक गोष्ट सांगायची राहून जाते. सगळ्या तबकड्यांकडून आलेले संकेत एकत्र करण्याचं काम आधी त्यासाठीच खास बनवलेल्या यंत्रणेवर होत असे. २०१० च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि इंजिनिअरांनी बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरांची जोडणी करून, त्यावर लिनक्स घालून, तेच काम सॉफ्टवेअरने करून दाखवलं. नंतर त्या आकड्यांवर अभ्यास करण्याचे प्रोग्रामही मुख्यतः लिनक्सवरच चालतात. आपल्या शेजारच्या तालुक्यात बसून आकाश ऐकणारी माणसं जे वापरतात, ते आपल्या मुलीच्या प्रोजेक्टला कमी पडेल असं समजायचं कारण नाही. पुढच्या वेळी खोडदला जाल तेव्हा मुलांना तिथल्या स्क्रीनकडेही बघायला सांगा.

नकली विंडोजचा प्रश्न

हा मुद्दा थोडा टोचतो, पण टाळून चालणार नाही. आपल्याकडे सेकंड-हँड मशीन घेतलं की दुकानदार "विंडोज टाकून देतो" म्हणतो. दोन-चारशे रुपयांत जे टाकून मिळतं ते बहुतेक वेळा चोरीची प्रत असते. भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) कलम ६३-ब आहे. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा त्यात गुन्हा आहे, सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. शिवाय 'क्रॅक' केलेल्या प्रतीतून व्हायरस येतात, ते वेगळंच.

आपल्या वाचकांसाठी याला दुसरीही बाजू आहे. ओआयसीशी संलग्न आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला की लेखन, शोध, व्यापारी नाव यांसारखे हक्क शरियतच्या दृष्टीने मान्य आहेत आणि त्यांचं उल्लंघन करणं जायज नाही. आम्ही मुफ्ती नाही. तपशील आपल्या उलमांना विचारावा. पण मुलांना तालीम देताना चोरीची वस्तू हातात देऊ नये, एवढं समजायला फतवा लागत नाही. लिनक्सच्या बाबतीत ही अडचणच येत नाही. एका पेन ड्राइव्हवरून साऱ्या मोहल्ल्याला प्रत दिली तरी ती परवानगीनेच दिलेली असते. बनवणाऱ्यांची इच्छाच ती आहे.

केरळला जमलं, इतरांचं का अडलं?

देशात लिनक्सचं सर्वांत मोठं शालेय उदाहरण केरळचं. तिथे २००१ मध्ये 'आयटी@स्कूल' प्रकल्प सुरू झाला. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी आग्रह धरला की सरकारी शाळेतलं शिक्षण एका कंपनीच्या मालाला बांधलेलं नसावं. हळूहळू शाळा लिनक्सवर आल्या. पुस्तकं त्यानुसार लिहिली, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली. पुढे या प्रकल्पाची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. २०१९ मध्ये तिने शाळांच्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरांसाठी नवी लिनक्स आवृत्ती आणली आणि परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचा अंदाज जाहीर केला. हा आकडा त्यांचा स्वतःचा आहे हे लक्षात ठेवू. पण दोन दशकं शाळा त्यावर चालल्या, ही गोष्ट आकड्याहून मोठी आहे.

आता आपल्याकडचं बघा. सी-डॅक ही सरकारी संस्था, मुख्यालय पुण्यात. तिने २००७ मध्ये 'बॉस' म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स आणली. लिनक्सच, मराठीसह भारतीय भाषांची सोय असलेली. पण तुमच्या ओळखीत किती जणांनी ती पाहिली आहे? भीमाशंकरच्या डोंगराखाली कोकणात उतरलं की कर्जत तालुका लागतो. तिथल्या धनगरवाड्यावरच्या एका छोट्या शाळेत २००७ मध्येच 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांना दिले गेले. त्यावरही लिनक्सच होतं. तो प्रयोग देशभर गेला नाही. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच त्या योजनेला नकार दिला होता.

सरकारी धोरण तर कागदावर चांगलं आहे. केंद्राच्या २०१५ च्या धोरणानुसार ई-प्रशासनाच्या कामात ओपन सोर्सला पसंती द्यायची आहे आणि ते वगळायचं असेल तर पुरवठादाराने कारण द्यायचं आहे. संरक्षण मंत्रालयाने विंडोजच्या जागी 'माया' नावाची लिनक्सवर आधारलेली प्रणाली घ्यायचं ठरवल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या. बाहेरही हेच चालू आहे. तुर्कस्तानच्या सरकारी संशोधन संस्थेने २००५ मध्ये 'पार्डस' ही स्वतःची लिनक्स आवृत्ती आणली. फ्रान्सच्या जाँदार्मरी पोलीस दलाने हजारो कॉम्प्युटर लिनक्सवर नेले.

आमच्या मते फरक एका गोष्टीत आहे. प्रोग्राम चांगला असून भागत नाही, अडलं तर विचारायला जवळचा माणूस लागतो. केरळने हजारो शिक्षकांना शिकवलं, आणि मुलांचं काही अडलं की उत्तर शाळेतच मिळालं. बॉसची सीडी आली, पण तिच्याबरोबर गावात शिकवणारं कुणी आलं नाही. विंडोज आपल्याकडे टिकली तीही चांगली म्हणून नव्हे, शेजारच्या पोराला ती येते म्हणून. लिनक्स वाढवायचं तर आधी अशी दोन-चार पोरं-पोरी गावात तयार व्हायला हवीत.

कुणी घाई करू नये

लिनक्स सगळ्यांसाठी नाही असं वर म्हटलं, त्याची यादी अशी :

टॅलीवर ज्यांचा धंद्याचा हिशोब आहे त्यांनी विंडोज ठेवावी. उर्दू छपाईवाले इनपेज वापरतात, मराठी डीटीपीवाले श्रीलिपी. हे विंडोजचे प्रोग्राम आहेत. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेल्या फाइली लिनक्सवर उघडल्या तर अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या युनिकोडमध्ये नाहीत. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीची की लिनक्सवर चालते का, हे आधी तपासावं. सरकारी टायपिंगच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेला बसणाऱ्यांनी आपल्या संस्थेत जे सॉफ्टवेअर आहे त्यावरच सराव करावा.

प्रिंटरचंही बघून घ्या. एचपीचे बरेचसे प्रिंटर लगेच ओळखले जातात. पण आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० चालवायला वेगळा ड्रायव्हर बसवण्याची खटपट करावी लागते.

याउलट ज्यांचं काम इंटरनेट, अभ्यासाचे व्हिडिओ, पीडीएफ, शिष्यवृत्ती आणि प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म, अर्ज टाइप करणं, साधा हिशोब एवढं आहे, त्यांचं बहुतेक काही अडणार नाही. फायरफॉक्स आणि क्रोम तिथेही आहेत. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस येतं, ते वर्डच्या फाइली उघडतं. क्वचित रचना थोडी हलते, म्हणून बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करून पाठवावं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, उर्दूसाठी उर्दू कीबोर्ड आणि नोटो नस्तालीक हा मोफत फॉन्ट मिळतो.

करून कसं बघायचं?

काहीही न पुसता आधी नुसतं चालवून बघता येतं, ही लिनक्सची सगळ्यात चांगली सोय.

१. आधी घरातले फोटो, निकाह-जन्माचे दाखले, मार्कशीट, हिशोब हे सगळं दुसऱ्या पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर काढून ठेवा. ही पायरी कुणीही गाळू नये.

२. आठ जीबी किंवा त्याहून मोठा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. लिनक्स मिंट या आवृत्तीची फाइल तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा. ती सुमारे तीन जीबीची असते, म्हणून चांगलं वायफाय असेल तिथे उतरवा. मशीन फार जुनं असेल तर मिंटचीच 'एक्सएफसीई' नावाची हलकी आवृत्ती घ्या.

३. रुफस किंवा बलेना एचर या मोफत प्रोग्रामने ती फाइल पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं यात पुसलं जातं.

४. पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करा आणि सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबा. कोणतं बटण ते कंपनीनुसार बदलतं. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

५. समोर लिनक्स उघडेल. अजून काहीही बसवलेलं नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर निघतो का, मराठी दिसतं का, हे दोन-तीन दिवस तपासा. पेन ड्राइव्हवरून ते थोडं हळू चालतं, घाबरू नका.

६. सगळं पटलं तरच 'इन्स्टॉल' करा. दोन्ही ठेवायचे असतील तर विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय असतो. 'सगळी डिस्क पुसा' हा पर्याय मात्र पूर्ण समजल्याशिवाय निवडू नका.

मिंटला किमान दोन जीबी रॅम लागते, चार असेल तर बरं. मिंट २२ या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे आज अकरावीत असलेल्या मुलीचं पदवीपर्यंतचं बरंचसं शिक्षण याच मशीनवर होऊ शकतं. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर मशीन चटकन सुरू होऊ लागतं. तेवढाच काय तो खर्च.

मोहल्ल्याने काय करावं?

एकट्यादुकट्याने हे करायला गेलं की पहिल्या अडचणीला माणूस कंटाळतो आणि परत दुकानदाराकडे जातो. म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक गावात, मग ते घोडेगाव असो की मंचर की जुन्नर, मशिदीशेजारचा हॉल, मकतब किंवा अभ्यासिका यापैकी एका जागी एक जुना कॉम्प्युटर लिनक्स घालून ठेवा. जुम्म्याच्या नमाजनंतर तास-दीड तास दोन जाणकार तिथे बसतील असं ठरवा. त्यातली एक मुलगी असावी, म्हणजे आपल्या आया-बहिणी आणि मुली संकोच न करता येतील. कितीतरी घरांत मोबाईल भाऊ किंवा अब्बांकडे असतो आणि मुलीच्या वाट्याला येतो तो हाच जुना कॉम्प्युटर. तो भंगारात गेला तर सर्वांत आधी अभ्यास तिचा थांबतो.

एक वही ठेवा. कुणाचं कोणतं मशीन, काय अडलं, कसं सुटलं ते त्यात लिहा. वर्षभरात ती वहीच आपल्या भागाचं पाठ्यपुस्तक होईल. शाळेत बंद पडून धूळ खात असलेले कॉम्प्युटर असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडा. आपले पालक त्या समितीत असतात, पण बोलत नाहीत. ती सरकारी मालमत्ता असते, त्यामुळे मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नये.

जे भाईजान आणि आपा पुण्यात आयटीत नोकरी करतात, त्यांनी ईदला गावी येताना मिंट चढवलेले चार पेन ड्राइव्ह आणावेत आणि दोन पोरांना शेजारी बसवून एकदा बसवून दाखवावं. फोनवरून सांगून हे जमत नाही, शेजारी बसूनच जमतं.

घरातला कॉम्प्युटर विकायला काढला असेल तर आठ दिवस थांबा. पेन ड्राइव्ह लावून बघा, जमलं तर ठेवा, नाही जमलं तर विका. तोटा काहीच नाही.